गॅलरीतून रस्त्यावर : मुंबईचा रस्ता आणि मराठी साहित्य-कला

मराठी भाषेत चालण्याच्या जागेला शब्दांची वाण नाही. वाट, पायवाट, पाणंद, आळी, बोळ, गल्ली, पेठ, नाका, चव्हाटा, हमरस्ता अशी नावे घेत गेले तरी यादी संपत नाही. परंतु या जागांविषयी भाषेचा मूळ कल मात्र फारसा अनुकूल दिसत नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणे म्हणजे अब्रू घालवणे. एखादे कुटुंब रस्त्यावर आले म्हणजे त्याची धूळधाण झाली. उघड्यावर पडणे, दारोदार फिरणे, वाऱ्यावर सोडणे हे सारे वाक्प्रचार एकाच समजुतीतून निघालेले आहेत. उंबऱ्याच्या आत माणूस सुरक्षित आणि प्रतिष्ठित असतो, बाहेर त्याला काही किंमत राहत नाही, अशी ती समजूत. वाड्याच्या दिंडी-दरवाज्याच्या आत घडलेल्या मराठी पांढरपेशा साहित्याने ती दीर्घकाळ बिनतक्रार मान्य केली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीतील सारे दुःख माजघरात घडते, रस्ता तिथे फार तर येण्याजाण्यापुरता.

विसाव्या शतकात मात्र ‘रस्त्यावर येणे’ याच्या शेजारी ‘रस्त्यावर उतरणे’ हा दुसरा प्रयोग मराठीत रूढ झाला. पहिल्यात माणसाची हार आहे, दुसऱ्यात त्याचा निर्धार. या दोन प्रयोगांमधले अंतर मराठी साहित्याने, चित्रपटाने व चित्रकलेने कसे कापले, याचा इतिहास मुख्यतः मुंबईच्या रस्त्यांवर घडला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर गिरगाव, परळ आणि काळबादेवी यांची पहिली ओळख पुष्कळदा ग्रंथालयाच्या कपाटातूनच झालेली असते.

मुंबईच्या रस्त्याचे पहिले विस्तृत मराठी वर्णन गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात सापडते. हा ग्रंथ १८६३ सालचा. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा जुना तट पाडण्याचे काम ज्या सुमारास निघाले, त्याच सुमाराचा. ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झालेली होती, आगगाडीला दहा वर्षे झाली होती, आणि बेटाचे शहर होत होते. माडगांवकरांनी बाजार, देवळे, तळी, वाहने, नाना जातींच्या व नाना वेशांच्या माणसांची गर्दी हे सारे कौतुकाने आणि विलक्षण चिकाटीने नोंदवले. त्यांच्या दृष्टीत कुतूहल आहे, तुच्छता नाही, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही ती पाहुण्याला गाव दाखवणाऱ्या यजमानाची दृष्टी आहे. रस्त्यावरचा माणूस तिला दिसतो तो एका प्रकारचा नमुना म्हणून, हा पारशी, हा भाटिया, हा कोळी असा. त्या माणसाला स्वतःला काय वाटते हा प्रश्न त्या ग्रंथाच्या कक्षेतच येत नाही.

चित्रकलेतही प्रथम हेच घडले. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले व पुढे जे. जे. कलाशाळेत अध्यापनाचे काम केलेले रावबहादूर म. वि. धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांची असंख्य रेखाटने केली, पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली. पोलीस अधिकारी व इतिहासलेखक एडवर्ड्‌स यांच्या मुंबईच्या आडरस्त्यांवरील १९१२ सालच्या इंग्रजी पुस्तकातील चित्रेही त्यांचीच. धुरंधरांची रेषा इतकी चपळ की साडीच्या निऱ्यांवरून नेसणारी कुठली हे ओळखावे. परंतु या चित्रांतील माणसे बहुधा रस्त्यावरून जाणारी आहेत. रस्त्यावर राहणारी माणसे यायची होती.

त्यापूर्वी खुद्द रस्तेच बदलले, आणि ते बदलण्याचे कारण भीषण होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला आणि मुंबईत प्लेग आल्याचे निष्पन्न झाले. माणसे लक्षावधींच्या संख्येने शहर सोडून गेली. घरात हवा नाही, उजेड नाही, गल्ल्या कोंदट, म्हणून रोग फैलावतो, असे तेव्हाचे अधिकारी मानीत. पिसवा आणि उंदीर यांचा संबंध पुरता उलगडावयाचा होता. या समजुतीतून १८९८ साली मुंबई सुधारणा न्यास, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झाला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापनाही त्याच वर्षीची. साथीच्या ऐन भरात कोणी ग्रंथ गोळा करण्याचा विचार करीत होते, हे शतकाचा हिशोब मांडताना लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ट्रस्टचा उपाय सरळ होता. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, तर दाट वस्तीतून पूर्व-पश्चिम रुंद रस्ते फोडावेत म्हणजे वारा आत शिरेल. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे या विचाराचे ठळक फळ. आजचे त्यांचे नाव अनुक्रमे शामळदास गांधी मार्ग व सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. रस्ता फोडावयाचा म्हणजे मधली घरे पाडावयाची. त्या घरांतील माणसे शेजारच्या, आधीच भरलेल्या, गल्ल्यांत शिरली, आणि जिथे हवा यावयाची होती तिथे दाटी आणखी वाढली. पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे बांधली जात नाहीत ही तक्रार तेव्हापासूनची. रस्त्याने माणसांना शब्दशः रस्त्यावर आणले ते असे. हवेसाठी फोडलेल्या त्या रस्त्याच्या नशिबी मात्र दुसरेच काही होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला तो याच सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशन नाट्यगृहात. भारतीय कथापटाचा पहिला प्रेक्षक प्लेगने घडवलेल्या रस्त्यावरून चालत आला, असे म्हणावयास हरकत नाही. राज्य गमावून काशीच्या रस्त्यावर, स्वतःला विकावयास उभा राहिलेला राजा त्याने पाहिला, हा योगायोग मात्र कोणी योजलेला नव्हता.

याच काळात मुंबईच्या मराठी माणसाला एक नवी जागा मिळाली, ती चाळीची गॅलरी. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला एका खोलीचे बिऱ्हाड पुरणारे नव्हते, म्हणून तो दाराबाहेर आला. गॅलरी हा धड घराचा भाग नाही आणि धड रस्त्याचाही नाही. तिथे कपडे वाळतात, लग्ने ठरतात, भांडणे जुंपतात, आणि कठड्यावर कोपर टेकून खालची रहदारी पाहता येते. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि देव्हाऱ्यातला देव आधी चाळीच्या चौकात व मग मिरवणुकीने रस्त्यावर आला. घरातली एक मोठी गोष्ट अब्रू न जाता, उलट प्रतिष्ठेने, चव्हाट्यावर आल्याचे हे ठळक उदाहरण होय. पुढे १९२० नंतरच्या दशकात सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे ज्या बी. डी. डी. चाळी उभारल्या, त्यांची संख्या २०७ होती. एवढ्या इमारतींतील माणसे कामाच्या पाळीला एकाच वेळी रस्त्यावर येत, त्या लोंढ्याने गिरणगावाचा रस्ता घडला.

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. गॅलरीच्या संस्कृतीचे ते सर्वांत लाडके स्मारक आहे. मात्र ते स्मारक आहे हेही विसरता कामा नये. चाळ मोडण्याची चाहूल लागल्यावरच तिचे हसू इतके हळवे झाले. आणि गॅलरीतून दिसणारा रस्ता नेहमी थोडा वरून दिसतो. डोकी दिसतात, टोप्या दिसतात, फेरीवाल्याची पाटी दिसते, चेहरे कमी दिसतात. मराठी विनोदी आणि ललित गद्याचा पुष्कळ मोठा भाग या उंचीवरून लिहिलेला आहे. त्यात खोटे काही नाही, पण ती एका मजल्याची उंची आहे.

चित्रपटाने ही उंची सोडली ती थोडी आधी. १९३९ सालच्या ‘माणूस’ या प्रभातच्या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी गणपत हवालदाराला रात्रीच्या वस्तीच्या गल्लीत नेऊन उभे केले. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते, तिथे त्याला मैना भेटते, आणि शिस्तीचा हा माणूस हळूहळू तिच्यात गुंतत जातो. शाहू मोडक आणि हुबळीकडून आलेल्या शांता हुबळीकर यांच्या भूमिका आजही जुने प्रेक्षक आठवतात. ही गल्ली खरी नव्हती. पुण्याच्या स्टुडिओत प्रभातच्या कारागिरांनी ती उभी केली होती, चहावाल्या पोऱ्यासकट. परंतु त्या खोट्या गल्लीत एक खरी गोष्ट घडते. हवालदाराचा गणवेश रस्त्यावर असतो तोवर हुकमी असतो, आणि आईच्या घराचा उंबरा मैनेला ओलांडावा लागतो तेव्हा त्या गणवेशाचा काही उपयोग होत नाही. गल्लीतून घरात येण्याची वाट तिला तिच्या स्वतःच्या मनानेच बंद केलेली आहे. घर आणि रस्ता यांमधली ती भिंत त्या वेळच्या कुठल्या मराठी कादंबरीनेही इतक्या स्पष्टपणे दाखवली असेल असे वाटत नाही. पुढे १९७९ साली जब्बार पटेल यांनी अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ काढला, तोवर कॅमेरा खऱ्या मुंबईच्या खऱ्या रस्त्यावर सहज वावरू लागला होता.

साहित्यात निर्णायक बदल झाला तो पायी चालत आलेल्या माणसाने. अण्णा भाऊ साठे यांचे कुटुंब सांगली भागातील वाटेगावहून मुंबईस चालत आले, तेव्हा अण्णा भाऊ लहान होते. शाळा जवळजवळ नाहीच. दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची चित्रपटांची जाहिरातपत्रे हीच त्यांची अक्षरओळख, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेले आहे. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. या पथकाला रंगमंच लागत नसे. गिरणीचे फाटक, मैदान, चाळींमधले पटांगण, नाका, जिथे माणसे थांबतील तिथे ते उभे राहत. त्यांची ‘मुंबईची लावणी’ पाहिली की माडगांवकरांच्या वर्णनाला आलेले उत्तर वाटते. त्यातही मुंबईतल्या जागांची नावे येतात, पण आता त्या जागी कोण राबतो आणि कोण मिरवतो याचा हिशोब मागितलेला असतो. यजमान गाव दाखवीत नाही, गडी दाखवतो आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा रस्ता भरून वाहिला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. पुढे १९६१ साली त्या जागी हुतात्मा स्मारक उभे राहिले आणि चौकाचे नावच हुतात्मा चौक झाले. या चळवळीत अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड गावोगाव गाजली. मुंबईत पोट भरावयास आलेल्या कामगाराच्या गावाकडे राहिलेल्या मैनेत त्यांनी बेळगाव, कारवार, निपाणी अशा दुरावलेल्या मराठी मुलखाचे रूप पाहिले. मुंबईच्या नाक्यावर उभ्या राहिलेल्या शाहिराने सीमाभागाची वेदना इतक्या साध्या प्रतिमेत मांडावी आणि ती सीमाभागातल्या माणसाने आपली म्हणून उचलावी, ही मराठी काव्याच्या इतिहासातील असामान्य घटना होय. अण्णा भाऊंनी आयुष्याचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढला. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ सालची. १८ जुलै १९६९ रोजी ते निवर्तले. ज्या शहराची लावणी त्यांनी लिहिली त्या शहराने त्यांना हयातीत चांगलेसे घर काही दिले नाही.

नारायण सुर्वे यांच्या बाबतीत रस्ता आणि जन्म या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. रस्त्याकडेला सोडलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले, आणि त्याने व त्याच्या पत्नीने, काशीबाईने, त्याला नाव दिले. हे पालक कामावरून निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा मुलगा पुन्हा शहराच्या हवाली झाला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला हरकाम्या, पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि अखेर शिक्षक, असा त्यांचा प्रवास. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हे संग्रह आले. रस्त्यालाच विद्यापीठ म्हणणारे हे शीर्षक आता इतके परिचयाचे झाले आहे की त्यातील धाडस जाणवत नाही. ज्या भाषेत ‘रस्त्यावर वाढलेला’ ही शिवी होती, त्या भाषेत एका कवीने तीच आपली पदवी म्हणून मांडली. सुर्व्यांच्या कवितेत रस्त्याचे वर्णन फारसे नाही, हे पुष्कळ वाचकांच्या ध्यानात येत नाही. तिथे बोलणे आहे. रस्त्यावर माणसे एकमेकांशी जसे बोलतात, म्हणजे निम्मे स्वतःशी, निम्मे समोरच्याशी आणि मध्येच कुणाला हाक मारीत, तशी ती कविता चालते. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

सुर्व्यांचा रस्ता कष्टाचा, म्हणून तो आदरास पात्र ठरला. भाऊ पाध्ये यांनी १९६५ साली ‘वासूनाका’मध्ये जो नाका मराठीत आणला, तिथे कष्टही नव्हते. कामधंदा नसलेली, नाक्यावर उभी राहून वेळ मारणारी, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर शेरे मारणारी पोरे, आणि त्यांची अस्सल मुंबईची बोली. लेखकाने त्यांना सुधारले नाही, त्यांची कीवही केली नाही. पुस्तकावर अश्लीलतेच्या आरोपांचे वादळ उठले, आणि त्यात आचार्य अत्रे आघाडीवर होते. हीच गोष्ट विचार करायला लावणारी आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी लाखो माणसांना रस्त्यावर उतरवणारा हा झुंजार वक्ता नाक्यावरच्या पोरांची भाषा मात्र ऐकून घेऊ शकला नाही. मोर्चातला माणूस आणि नाक्यावरचा माणूस पुष्कळदा एकच असतो. मोर्चा संपल्यावर तो नाक्यावरच परततो. पण साहित्याला त्याचे पहिले रूप पचले, दुसरे पचावयास वेळ लागला. अत्र्यांच्या संतापात केवळ सोवळेपणा होता असे मानणे अन्यायाचे होईल. भाषा ही लढ्याचे हत्यार आहे असे मानणाऱ्या पिढीला ती निव्वळ टवाळीसाठी वापरली जाताना पाहून वाईट वाटले असणार. परंतु काळाने कौल पाध्ये यांच्या बाजूने दिला आहे.

१९७२ साली नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला. गोलपिठा हे मुंबईच्या कामाठीपुऱ्याच्या परिसरातील वेश्यावस्तीचे नाव. तोवर मराठी काव्यसंग्रहांना फुलांची, ऋतूंची, भावनांची नावे असत. एका बदनाम ठिकाणाचे नाव मुखपृष्ठावर छापले गेले, हाच एक निकाल होता. पुणे जिल्ह्यातून बालपणीच मुंबईत आलेले ढसाळ याच वस्तीजवळ ढोर चाळीत वाढले. टॅक्सी चालवीत असल्याने शहराचे सगळे रस्ते त्यांच्या पायाखालचे, किंवा चाकाखालचे होते. दलित पँथरची स्थापनाही १९७२ सालचीच. पुस्तकाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे, आणि ती स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी आहे. तेंडुलकर कवितेतल्या अनेक शब्दांपाशी अडखळले. ते ढसाळांना भेटले, त्यांच्याबरोबर त्या वस्तीत रात्री हिंडले, शब्दांचे अर्थ विचारून घेतले आणि ते सारे प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले. मराठीतला एक अग्रगण्य नाटककार मराठीच्याच एका पुस्तकापुढे विद्यार्थी होऊन बसला. गॅलरीतला मराठी लेखक जिना उतरून खाली आल्याचा क्षण कुठला, असे विचारल्यास या प्रस्तावनेकडे बोट दाखवता येईल. दया पवार यांच्या १९७८ सालच्या ‘बलुतं’ मधील कावाखाना आणि त्याआधीच्या बाबुराव बागुलांच्या कथांतील वस्त्या या एकाच नकाशाचे भाग आहेत. हा नकाशा शहराच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत छापलेला नव्हता.

या सगळ्या रस्त्यांवर स्त्री कुठे होती, हा प्रश्न टाळता येत नाही. सुर्वे आणि ढसाळ यांच्या कवितांत ती आहे आणि मोठ्या करुणेने आहे. पण ती बहुतेक वेळा पाहिलेली आहे. शाहीर अमर शेख यांची कन्या व नामदेव ढसाळ यांची पत्नी मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ साली आले. बाप रस्त्यावर गाणारा, नवरा रस्त्यावर लढणारा, आणि या दोघांमागे घर कोण राखीत होते, त्याची किंमत कोणी दिली, याचा जाब त्या पुस्तकाने विचारला. रस्त्याचा गौरव करणाऱ्या कुठल्याही इतिहासात हे पुस्तक अडचणीचे ठरते, आणि म्हणूनच ते वगळून चालत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो विधिवत्‌ कधी संपलाच नाही, गिरण्याच हळूहळू संपल्या. भोंग्याच्या वेळी भरणारा रस्ता ओस पडला. ‘रस्त्यावर उतरणे’ आणि ‘रस्त्यावर येणे’ हे दोन वाक्प्रचार या एका संपात एकमेकांत मिसळून गेले. जयंत पवार यांच्या १९९७ सालच्या ‘अधांतर’ या नाटकात हे सगळे एका खोलीत घडते, पण दाराबाहेरचा रस्ता प्रत्येक प्रवेशाबरोबर आत येतो. त्यातल्या मुलांना परीक्षा, क्रिकेट, टोळी, साहित्य असे निरनिराळे मार्ग दिसतात, आणि त्यांतला एकही बापाच्या गिरणीकडे जात नाही. पवार यांच्या ज्या कथासंग्रहाला पुढे २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याच्या शीर्षकातच फिनिक्स आहे. मुंबईच्या वाचकाला त्या शब्दाने पुराणातला पक्षी आणि लोअर परळची गिरणी असे दोन्ही एकदम आठवतात. त्या गिरणीच्या आवारात आता झगमगीत दुकाने आहेत.

या ओसरत्या गिरणगावाचे चित्रकार म्हणून सुधीर पटवर्धन यांचे नाव घ्यावे लागते. पुण्यात १९४९ साली जन्मलेले पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात त्यांनी अनेक वर्षे तो व्यवसाय केला. दिवसभर माणसांच्या हाडांच्या छाया पाहणाऱ्या या चित्रकाराने संध्याकाळी इराणी हॉटेलातली, रेल्वे पुलावरची, रस्त्याच्या कडेची माणसे रंगवली, ती वजनदार, थकलेली आणि आपापल्या विचारात असलेली. त्यांच्या २००१ सालच्या ‘लोअर परळ’ या चित्रात धुराडी, पूल, रूळ आणि नव्या इमारती एकाच कापडावर दाटीने उभ्या आहेत. धुरंधरांच्या माणसांवरून जात ओळखता येई. पटवर्धनांच्या माणसांवरून त्यांची पाळी कुठली, किंवा ती आता उरलीच नाही, हे ओळखता येते.

आणि तरीही गॅलरी पुरती सुटली असे म्हणता येत नाही. कोल्हापूरचे अरुण कोलटकर, जे. जे. कलाशाळेत शिकलेले, जाहिरातीच्या व्यवसायात नाव मिळवलेले, मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे. दक्षिण मुंबईत काळा घोडा येथे वेसाइड इन नावाचे एक उपाहारगृह होते. तिथल्या खिडकीपाशी ते वर्षानुवर्षे बसत आणि समोरचा चौक पाहत. त्यातून जन्मलेला ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह २००४ साली, त्यांच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी प्रसिद्ध झाला. ‘भिजकी वही’ आणि ‘चिरीमिरी’ हे मराठी संग्रहही त्याच सुमाराचे. काळ्या घोड्याच्या कवितांत भटके कुत्रे आहे, झाडूवाल्या बाया आहेत, भल्या सकाळी फुटपाथवरच्या माणसांना इडली वाढणारी बाई आहे, गाणाऱ्या महारोग्यांचा ताफा आहे. कोलटकर तिथे राहत नव्हते, ते खिडकीतून पाहत होते. परंतु ही खिडकी तळमजल्यावरची होती. तिच्यातून डोक्याच्या टोप्या दिसत नाहीत, तोंडे दिसतात. शिवाय ते घाईने पाहत नव्हते. रस्त्यावर न जन्मलेल्या लेखकाला रस्ता गवसण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मराठी माणसाने अजून तरी दाखवलेला नाही.

त्या चौकाचे नाव ज्या पुतळ्यावरून पडले, तो आल्बर्ट ससून यांनी दिलेला, प्रिन्स ऑफ वेल्सचा काळ्या रंगाचा अश्वारूढ पुतळा, १९६५ सालीच तिथून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला होता. कोलटकरांच्या चौकात घोडा नव्हता, फक्त त्याचे नाव होते. रस्त्यावर झोपणाऱ्या, विकणाऱ्या, झाडणाऱ्या माणसांनी ते नाव अर्धशतकाहून अधिक काळ तोंडी चालू ठेवले. २०१७ साली तिथे पुन्हा एक काळा घोडा उभारला गेला. या घोड्याच्या पाठीवर मात्र स्वार नाही.